मुलाखतीत न सांगितलेली गोष्ट

डॉर्किंग,
९ नोव्हेंबर

प्रिय फिलिपा,

तू फोन उचलत नाहीस आणि गॅरेथ दर वेळी ‘ती आत्ताच बाहेर पडली’ म्हणतो. तुझ्या नवऱ्याला खोटं बोलता येत नाही हा त्याचा मोठा गुण. मागे तू कुत्र्यावर ओरडतेस ते मला स्पष्ट ऐकू येतं. म्हणून पत्र लिहितेय. पत्र न वाचता फाडता येतं, पण फाडण्याआधी पाकिटावरचं अक्षर तरी बघावं लागतं.

त्या बुधवारी जे झालं त्यात थोडा गैरसमज आहे असं मला वाटतं. शाळा सुटल्यावर टॅम्सिन माझ्याकडे यायची ती तुमच्याच सोयीसाठी. जानेवारीत तिची मार्लहर्स्ट शाळेची प्रवेश परीक्षा आहे हेही तुम्हीच मला सांगितलंत. पोरगी हुशार आहे. गणित येतं, आकृत्यांची कोडी तर माझ्याआधी सोडवते. पण कुणी काही विचारलं की खांदे उडवते. मुलाखतीत खांदे उडवून कसं चालेल? चारशे मुली बसतात आणि साठ घेतात. मी थोडा हात दिला, एवढंच.

तू लवकर आलीस. ती गालिच्यावर उभी राहून बोलत होती आणि माझ्या हातात घड्याळ होतं. तेवढंच तुला दिसलं.

‘टॅम, कोट घाल,’ तू म्हणालीस.

‘पण आई, माझं ह्यूई मामाचं अजून संपलं नाहीये.’

मी तुमच्या मागे गाडीपर्यंत आले, पायांत घरातल्या सपाता तशाच. तू काच खाली केलीस आणि म्हणालीस, ‘तू पुन्हा तेच करतेयस?’ मी म्हटलं, ‘तुझ्या वेळी उपयोग झाला की नाही?’ त्यावर तू म्हणालीस, ‘तुला काही माहीत नाही, आई. आणि टॅम यापुढे तुला एकटी भेटणार नाही.’

दोन महिने झाले या गोष्टीला. तुझा भाऊ जाऊन एकतीस वर्षं झाली. त्याच्या आईने त्याचं नाव घेतलं तर एवढं काय बिघडलं?

सफरचंदं खूप झाली आहेत. कुणाला देऊ?

तुझी,
आई


डॉर्किंग,
२८ नोव्हेंबर

प्रिय फिलिपा,

उत्तर नाही. ठीक आहे.

मागच्या पत्रात मी ‘थोडा हात दिला’ असं लिहिलं होतं. पाकीट पेटीत टाकलं आणि घरी येईपर्यंत ते वाक्य मला बोचत राहिलं.

मी अकरा वर्षांची असताना अशाच एका शाळेच्या प्रवेश परीक्षेत नापास झाले हे तुला माहीत आहे. त्याबद्दल काय वाटलं ते मी तुला कधी सांगितलं नाही. शाळेचं पत्र आलं. माझ्या बाबांनी वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, ‘चला, आपल्या दुकानात एक माणूस वाढलं.’ गमतीत म्हणाले ते. सप्टेंबरात समोरची जॅनेट त्या शाळेची हिरवी टोपी घालून एका बसने जायला लागली आणि मी दुसऱ्या. आमचं भांडण झालं नाही. बोलायला विषयच उरला नाही. त्यानंतर आयुष्यभर कुठल्याही खोलीत शिरले की मला वाटायचं, इथल्या सगळ्यांना माझे मार्क माहीत आहेत. तुझ्या बाबतीत हे होऊ द्यायचं नाही असं मी तुझ्या जन्माच्या आधीच ठरवलं होतं. हे कारण म्हणून सांगतेय. सबब म्हणून वाच, हवं तर.

आता हात देण्याबद्दल. ह्यूई ऑक्टोबरात गेला. तुझी परीक्षा जानेवारीत आणि मुलाखत त्यानंतर दोन आठवड्यांनी. शिकवणीच्या बाई म्हणाल्या होत्या की मुलाखतीत हमखास विचारतात, तुझ्यावर कधी कठीण प्रसंग आला का. मग मी तुझ्यासाठी काही परिच्छेद लिहून काढले. ‘माझा भाऊ सहा वर्षांचा होता. त्याच्या रक्तात आजार होता. मी रोज त्याला गोष्ट वाचून दाखवायचे. शेवटपर्यंत मी त्याचा हात धरून होते.’ तू जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहायचीस आणि मी खाली. ‘इथे थांब,’ मी सांगायचे. ‘खाली बघ. तीन मोज. आता बोल.’

तू दहा वर्षांची होतीस. एकदा तू मध्येच थांबून म्हणालीस, ‘पण आई, हे...’ आणि मी म्हटलं, ‘पुन्हा पहिल्यापासून.’

तू रुग्णालयात चार वेळा आली होतीस. गोष्ट वाचली होतीस. ते खरं होतं. ‘रोज’ आणि ‘शेवटपर्यंत’ हे शब्द माझे.

टॅम्सिनसाठीही मी तेच परिच्छेद वापरले. ‘भाऊ’च्या जागी ‘मामा’. ‘आमच्या घरात त्याची उणीव अजून जाणवते’ वगैरे. ती म्हणत होती, ‘पण मी तर त्याला कधी बघितलंच नाही.’ मी म्हटलं, ‘त्यांना ते चालतं.’

हे लिहिताना मला आठवलं की मी वर्षानुवर्षं लोकांना काय सांगत आले. चर्चमध्ये, शेजारी, तुझ्या लग्नात गॅरेथच्या आईलासुद्धा. ‘आमच्या ह्यूईनेच हिला मार्लहर्स्टमध्ये घातलं.’ तू तिथेच उभी असायचीस, हातात पेला घेऊन.

आई


डॉर्किंग,
१४ डिसेंबर

प्रिय फिलिपा,

हे पत्र कृपा करून वाच. बाकीची फाडलीस तरी चालेल.

दर नाताळच्या आधी आमच्या चर्चतर्फे वृद्धाश्रमात फुलं न्यायची असतात. यंदा माझ्याकडे वरचा मजला होता. सहा नंबरच्या खोलीत खिडकीपाशी एक बारीकशा बाई बसल्या होत्या, गुडघ्यांवर घोंगडी आणि हातात शब्दकोडं. दारावर नाव होतं मिस पेनफोल्ड. माझ्या काही लक्षात आलं नाही. त्यांनी मात्र माझ्या बिल्ल्यावरचं नाव मोठ्याने वाचलं.

‘स्ट्रडविक. मार्लहर्स्टला एक स्ट्रडविक होती.’

मी म्हटलं, ‘माझी मुलगी. फिलिपा.’

‘बसा,’ त्या म्हणाल्या. विनंती नव्हती ती. मी फुलं मांडीवर घेऊन बसले. त्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत. तेव्हा त्या उपमुख्याध्यापिका होत्या आणि मुलींच्या मुलाखती त्याच घ्यायच्या. नाकावर चष्मा, केस मागे बांधलेले, आठवतात तुला? आता केस विरळ झालेत. नजर तशीच.

‘चाळीस वर्षांत किती मुली त्या खुर्चीवर बसल्या,’ त्या म्हणाल्या. ‘सगळ्यांना घोडे आवडायचे आणि सगळ्यांना जगातली भूक मिटवायची होती. विसरले सगळ्यांना. तुमची मुलगी विसरले नाही.’

मला वाटलं, मला कळलंच. मी मान खाली घालून म्हटलं, ‘हो, तिच्या भावाबद्दल...’

‘भावाबद्दल? छे! एक शब्द बोलली नाही ती.’

फिलिपा, हे मी त्यांच्याच शब्दांत लिहितेय. घरी आल्याबरोबर कोट न काढता कागदावर उतरवून ठेवलं होतं.

‘मी तिला विचारलं, कधी कठीण वेळ आली का तुझ्यावर. तिने खाली बघितलं. थोडं थांबली. मग मान वर केली आणि म्हणाली, “माझ्या आईने मला माझ्या भावाचं सांगायला सांगितलंय. पण ते खरं नाहीये. तो गेला तेव्हा मी तिथे नव्हते, मी घरी गणितं सोडवत होते. म्हणून मी ते सांगणार नाही. तुम्ही दुसरं काहीतरी विचारा.” मी म्हटलं, “बरं. काय विचारू?” तर म्हणते, “गोगलगाईंबद्दल विचारा.” मग वीस मिनिटं गोगलगाई! त्यांना दात किती, त्या उलट्या कशा चालतात. पुढची मुलगी बाहेर ताटकळत होती.’

त्या हसल्या. मला हसता आलं नाही.

‘म्हणजे गोगलगाईंमुळे तिला घेतलंत?’ मी विचारलं.

‘मिसेस स्ट्रडविक, गणितात ती तिसरी आली होती. जागा तिचीच होती. मला फक्त बघायचं होतं, माणूस कसं आहे.’ त्यांनी शब्दकोडं बाजूला ठेवलं. ‘दारापर्यंत गेली आणि परत आली. म्हणाली, “बाहेर माझी आई आहे. तिला हे सांगू नका हं. मी भावाचं सांगितलं असं तिला वाटू दे. नाहीतर ती पुन्हा रडेल.” मी वचन दिलं. आज मोडलं. पण आता ती चाळिशीची असेल, आणि मला फार दिवस कुणाचं काही राखून ठेवता येणार नाही.’

मला तो दिवस आठवतो. तू बाहेर आलीस. मी तुझे खांदे धरून विचारलं, ‘सांगितलंस?’ तू मान डोलावलीस. मी तुला सगळ्यांसमोर घट्ट मिठी मारली. घरी येताना आपण गाडी थांबवून तळलेले मासे आणि बटाट्याच्या फोडी घेतल्या, आणि मी माझं पुडकं संपवून तुझ्यातलंही खाल्लं. ह्यूई गेल्यापासून मला पहिल्यांदा भूक लागली होती. माझा मुलगा अगदीच फुकट गेला नाही, त्याच्या जाण्याने बहिणीचं भलं झालं, असं मला वाटत होतं. त्या समजुतीवर मी तीस वर्षं काढली. तू शेजारी बसून माझ्याकडे बघत होतीस. एक फोड तुझ्या हातात तशीच होती.

दहा वर्षांच्या मुलीने मला सांभाळलं, आणि मी तिला जिन्यावर उभी करून ‘तीन मोज’ सांगत होते.

‘तुला काही माहीत नाही, आई.’ खरंच माहीत नव्हतं.

आई


डॉर्किंग,
६ जानेवारी

प्रिय फिलिपा,

गॅरेथचा फोन आला होता. तू पत्रं फाडत नाहीस, वाचतेस, असं म्हणाला. टॅम्सिन येत्या शनिवारी परीक्षेला बसतेय. तिला तूच विचारलंस आणि ती हो म्हणाली, असंही सांगितलं. मी सल्ला दिला नाही. जीभ चावली, पण दिला नाही.

तू पत्रं वाचतेस हे कळल्यावर आता माझ्यापुढे एकच गोष्ट उरली आहे. सांगावी की नाही याचा विचार करत तीन आठवडे गेले. सांगितल्याने तुला बरं वाटणार नाही. पण न सांगता तुझ्याकडे क्षमा मागणं म्हणजे पुन्हा ते परिच्छेद लिहिण्यासारखंच होईल.

ह्यूई अचानक गेला असं आम्ही तुला सांगितलं. तुझ्या बाबांनीही तेच सांगितलं, कारण त्यांना मी तसंच सांगितलं होतं. अचानक नव्हतं ते.

त्या शनिवारी सकाळी नऊ वाजता ती आयरिश नर्स मला बाहेर घेऊन गेली. म्हणाली, ‘बहीण आहे ना त्याला? तिला आज घेऊन या. आजच.’ ‘आज’ तिने दोनदा म्हटलं. मला कळलं होतं, फिलिपा. मला कळलं नव्हतं असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. मी फोनपाशी गेले, घरी फोन लावला. तुझ्या बाबांनी उचलला. मी विचारलं, ‘पिपा काय करतेय?’ तेव्हा तुला सगळे पिपाच म्हणायचो.

‘सराव पेपर सोडवतेय. कसा आहे तो? घेऊन येऊ का तिला?’

त्यांनी स्वतःहून विचारलं. मला फक्त हो म्हणायचं होतं.

मी म्हटलं, ‘नको, पेपर पुरा करू दे. दुपारी आण.’

का? त्या दिवशी तुला आणलं असतं तर ते शेवटचं ठरलं असतं, आणि पेपर चालू राहिला तर तो एक साधा शनिवार राहील, असं काहीतरी डोक्यात होतं. हे एक. दुसरं हे की तुझा पूर्ण पेपर वेळेत बसत नव्हता आणि मला त्याची काळजी होती. दोन्ही खरी आहेत. मुलगा आत मरत होता आणि मला तुझ्या अपूर्णांकांची काळजी होती.

ह्यूईने विचारलं, ‘पिपा कुठाय?’

‘तिचा पेपर आहे, राजा. दुपारी येईल.’

त्याने दाराकडे बघितलं. मग म्हणाला, ‘तिला सांग, माझी सोंगटी हलवायची नाही.’ तुमचा सापशिडीचा डाव अर्धा राहिला होता ना. मी म्हटलं, सांगते. त्यानंतर तो काही बोलला नाही. एकच्या सुमारास गेला.

मी तुला ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने तुला विचारलं होतं हे कळलं असतं, आणि मग तू का नव्हतीस हेही. त्याऐवजी मी तुला ‘शेवटपर्यंत हात धरून होते’ असं पाठ करायला दिलं. तुझ्याकडून ते ऐकलं की मला वाटायचं, तसंच घडलं असेल.

तुझ्या बाबांनी त्या फोनचा विषय कधी काढला नाही. मरेपर्यंत नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

क्षमा मागत नाही. तुझं जे होतं ते तुला परत पाठवतेय.

आई


डॉर्किंग,
१८ फेब्रुवारी

प्रिय फिलिपा,

तू फोन केलास त्यानंतर मी बराच वेळ रिसीव्हर हातात धरून बसले होते. आपण किती बोललो? चार मिनिटंसुद्धा नाही. तू विचारलंस, ‘त्याचे शब्द नेमके काय होते? परत सांग.’ मी सांगितले. मला वाटलं तू फोन ठेवलास. मग तू म्हणालीस, ‘नाही हलवली मी. तू पट उचलून कपाटात टाकलास ना, त्याच्या आधी मी दोघांची घरं लिहून घेतली होती. तो सदतीसवर होता.’

आणि मग, ‘मी अजून तुला भेटू शकत नाही, आई. कधी भेटेन तेही माहीत नाही.’

मी ‘बरं’ म्हटलं. तेवढंच म्हणायला सुचलं आणि तेवढंच म्हणायचा मला हक्क होता.

काल गॅरेथने टॅम्सिनचा निकाल सांगितला. जागा मिळाली नाही. मुलाखतीत खांदे उडवलेस का असं त्याने विचारलं तर म्हणाली, ‘दोनदाच.’ मग दोन टोस्ट खाल्ले आणि पोहायला गेली. सप्टेंबरपासून गावातल्या शाळेत जाईल, तिची मैत्रीणही तिथेच आहे म्हणे.

खरं सांगू? ऐकल्याबरोबर जॅनेटची टोपी डोळ्यांपुढे आली. कुणाला तरी फोन करावा, फेरतपासणी मागावी, सगळं मनात येऊन गेलं. सत्तर वर्षांची झाले तरी ते जात नाही. मग मला ती पोहताना दिसली. तुला कुणी असं पोहायला जाऊ दिलं असतं तर.

आई


डॉर्किंग,
३ मार्च

प्रिय टॅम्सिन,

तुझं कार्ड मिळालं. ‘आई म्हणते, आजीला विचार. ह्यूई मामा कसा होता? खरं सांग.’ शेवटच्या दोन शब्दांखाली दोन रेघा आहेत. त्या तुझ्या की तुझ्या आईच्या, ते मी विचारत नाही.

आधी हे. मी तुला जे पाठ करायला लावलं ते विसरून जा. ते खरं नव्हतं. तुझी आई शेवटी त्याच्याजवळ नव्हती, कारण मी तिला बोलावलं नाही. तिला यायचं होतं आणि त्याला ती हवी होती. चूक माझी होती. मोठ्या माणसांच्या अशा चुका नंतर दुरुस्त होत नाहीत. म्हणून सांगून टाकायच्या, लपवायच्या नाहीत.

आता ह्यूई. शहाणा, सोशीक मुलगा वगैरे तू माझ्याकडून ऐकलंस. तसा तो अजिबात नव्हता. खेळात लबाडी करायचा आणि पकडला की आजारी असल्याचं सोंग करायचा, खरा आजारी पडायच्या आधीपासून. दातांच्या डॉक्टरांचं बोट चावला होता. पुढचे दोन दात पडले होते, त्यामुळे ‘स’ म्हणताना समोरच्याच्या अंगावर थुंकी उडायची, आणि ते कळल्यापासून तो मुद्दाम ‘स’चे शब्द शोधून बोलायचा. एकदा कचरा न्यायला आलेल्या माणसांना त्याने सांगितलं की, मी या घरात राहत नाही, या बाईंनी मला पकडून आणलंय. ते दोघं दारात येऊन मला विचारायला लागले. शेजारच्या बाईंनी येऊन साक्ष दिली तेव्हा सुटले मी!

वाटाणे खायचा नाही. अंधाराला घाबरायचा नाही, पण पाणी निघून जाताना मोरीतून येणाऱ्या आवाजाला घाबरायचा. रुग्णालयात रडायचा. ओरडायचासुद्धा. शूर वगैरे काही नव्हता. त्याला घरी यायचं होतं.

एवढंच मला नक्की माहीत आहे. एका पानातच संपलं. लिहायला बसले तेव्हा वाटलं होतं, वही भरेल.

तुझी आई आणि तो एकाच खोलीत वाढले. दार लावून घ्यायचे आणि तासन्‌तास हसायचे. मी बाहेरून दार ठोठावून म्हणायचे, ‘पिपा, अभ्यास!’ आत गप्प व्हायचं, आणि माझी पावलं दूर गेली की पुन्हा हसणं सुरू. कशाला हसायचे ते मी एकदाही विचारलं नाही.

ते तुझ्या आईला विचार.

तुझी,
आजी